आरोग्याचा हिशेब : कोलेस्टेरॉल कमी आले म्हणून पेढे वाटू नका



मागच्या हिवाळ्यातली गोष्ट आहे. रविवार होता. मी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत बसलो होतो. आमच्या ओळीतल्या एक मावशी पेढ्यांचा पुडा आणि एक कागद घेऊन आल्या. त्यांचा मोठा मुलगा एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात कामाला आहे. वय पंचवीस. लहानपणापासून सिकलसेलचा रुग्ण. नुसता वाहक नव्हे, एस.एस. पॅटर्नचा. कारखान्यात सगळ्या कामगारांचे रक्त तपासले होते, त्याचाच तो रिपोर्ट होता.

“भाऊ, वाचा बरं,” मावशी म्हणाल्या. “साहेबाचं कोलेस्टेरॉल दोनशे चाळीस निघालं अन् माझ्या पोराचं फक्त एकशे आठ. म्हणजे आता हार्टचं काही भेव नाही ना?”

मी कागद पाहिला. एकूण कोलेस्टेरॉल १०८. शेजारी छापले होते, ‘२०० पेक्षा कमी असावे’. मी म्हटले, “मावशी, रिपोर्ट तर चांगला दिसतो.” आणि पेढा तोंडात टाकला.

चूक तिथे झाली, आणि ती माझीही झाली. वस्तीतले लोक माझ्याकडे कागद वाचायला आणतात ते विश्वासाने. मुलाने माझ्या त्या एका वाक्याचा अर्थ असा घेतला की, आपले रक्त आता साफ झाले. घरात नातेवाईक म्हणाले, कोलेस्टेरॉल कमी म्हणजे अंगात चरबी नाही, तूप चारा. तूप सुरू झाले आणि रोजची गोळी-कॅप्सूल बंद झाली. तीन आठवड्यांनी, ऐन थंडीत, रात्रपाळीत त्याचे हातपाय आणि छाती दुखायला लागली. सहा दिवस दवाखान्यात काढावे लागले.

वॉर्डातल्या डॉक्टर मॅडमनी तो कागद पाहिला आणि विचारले, “हा रिपोर्ट चांगला आहे, असे कोणी सांगितले?” मावशींनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. मग मॅडमनी दहा मिनिटे उभ्या उभ्या समजावून सांगितले. त्यानंतर मी आणखी वाचले, आणखी दोन डॉक्टरांना विचारले. मी बी.कॉम. झालेला कारकून, डॉक्टर नव्हे. पण जमा-खर्च मला कळतो, आणि हा विषय शेवटी जमा-खर्चाचाच निघाला. म्हणून आजचा लेख.

आधी आजाराची ओळख

सिकलसेल आपल्या भागाला नवा नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी इकडच्या लोकांमधल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात १९५८ सालीच लिहिले होते. जगात त्याची पहिली नोंद १९१० सालची. अमेरिकेतल्या शिकागोचे डॉ. जेम्स हेरिक यांनी एका तरुण विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या पेशी पाहिल्या. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, दोष हिमोग्लोबिनच्या घडणीत आहे. आपल्याकडे विदर्भातले जिल्हे, नंदुरबारचा पट्टा, आदिवासी समाज आणि आपला बौद्ध समाज यांत तो जास्त आढळतो.

हा आजार कोणाच्या स्पर्शाने होत नाही. मागच्या जन्मीच्या पापाने तर नाहीच नाही. आई आणि वडील दोघांकडून दोषी जनुक आले, तर मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले, तर ते वाहक, म्हणजे ए.एस. पॅटर्नचे होते. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारात एक असते. हे जनुक टिकून राहिले त्याचेही कारण आहे. वाहकांना लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते, हे १९५४ साली अँथनी अॅलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडले. म्हणजे ज्या मुलखात मलेरिया होता, तिथे या जनुकाने पूर्वजांचे प्राणही वाचवले. यात लाजण्यासारखे काहीही नाही.

आता मुख्य मुद्दा. निरोगी माणसाची लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी जगते साधारण १० ते २० दिवस. पुढचे सगळे या एका आकड्यातून निघते. तो लक्षात ठेवा.

रिपोर्टातल्या चार ओळी

रक्तातल्या चरबीच्या तपासणीला लिपिड प्रोफाइल म्हणतात. त्यात मुख्य ओळी चार असतात.

पहिली एकूण कोलेस्टेरॉल. मोठ्या माणसात ते २०० मिलिग्रॅमच्या आत असावे, असे सर्वसाधारणपणे सांगतात. दुसरी एल.डी.एल. हे जास्त झाले की, रक्तवाहिनीच्या भिंतीत साचते, म्हणून त्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात. ते १०० च्या आत उत्तम. तिसरी एच.डी.एल. ते साचलेले कोलेस्टेरॉल परत यकृताकडे नेते, म्हणून चांगले. पुरुषांत ४० च्या वर आणि बायकांत ५० च्या वर असावे. चौथी ट्रायग्लिसराइड. तेल, तूप, साखर, भात यांतून आलेली जादा शक्ती शरीर या रूपात साठवते. ते १५० च्या आत असावे.

मावशींच्या मुलाचा रिपोर्ट मी पुन्हा काढून पाहिला. एकूण १०८, एच.डी.एल. ३१, ट्रायग्लिसराइड १९०, एल.डी.एल. ३९. बऱ्याच प्रयोगशाळा एल.डी.एल. थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. ट्रायग्लिसराइडला पाचाने भागायचे, म्हणजे ३८ आले. एकूण १०८ मधून एच.डी.एल.चे ३१ आणि हे ३८ वजा केले, उरले ३९. हिशेब अचूक होता. पण मी फक्त पहिली ओळ वाचली होती. तिसऱ्या ओळीत एच.डी.एल. कमी होते आणि चौथीत ट्रायग्लिसराइड वाढलेले होते. एका बेरजेवरून वही तपासणारा कारकून आमच्या ऑफिसात एक दिवस टिकणार नाही.

दुसरी गोष्ट. छापील रिपोर्टात फक्त ‘२०० पेक्षा कमी’ असे लिहिलेले असते. किती कमी झाले तर विचार करावा, हे बहुधा लिहिलेले नसते. त्यामुळे १०८ समोर कोणतेही चिन्ह पडले नाही आणि घरच्यांना तो आकडा पहिल्या नंबराने पास झाल्यासारखा वाटला.

कोलेस्टेरॉल जाते कुठे?

सिकलसेलच्या रुग्णांत एकूण कोलेस्टेरॉल, एल.डी.एल. आणि एच.डी.एल. ही तिन्ही इतरांपेक्षा कमी आढळतात. हे अमेरिका, आफ्रिका, अरब देश असे निरनिराळ्या ठिकाणच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. थॅलेसेमिया मेजरच्या मुलांतही तसेच दिसते. रक्तक्षय जितका तीव्र, तितके कोलेस्टेरॉल खाली, असा कलही बऱ्याच अभ्यासांत आढळला.

का? कोलेस्टेरॉल म्हणजे केवळ शत्रू, असे आपल्या मनात बसले आहे. खरे तर ते घर बांधायच्या विटांसारखे आहे. प्रत्येक पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल लागते. लाल पेशी स्वतः ते तयार करू शकत नाही. निरोगी माणसाचे घर १२० दिवस टिकते, सिकलसेलवाल्याचे दहा-वीस दिवसांत पडते. मग हाडांच्या मगजात रात्रंदिवस नवीन बांधकाम चालू राहते आणि विटा बाजारातून, म्हणजे रक्तातून, उचलल्या जातात. बाजारात माल कमी दिसतो, कारण खप मोठा आहे.

आणखी कारणे आहेत. रक्तक्षयात रक्तातला पातळ द्रव वाढतो, म्हणून सगळेच पातळ झाल्यासारखे मोजले जाते. फुटलेल्या पेशी गोळा करणाऱ्या सफाई पेशी जास्त जोरात काम करतात आणि कोलेस्टेरॉलही गिळतात. वारंवार रक्त दिलेल्या रुग्णाच्या यकृतात लोह साचते. यकृत हाच कोलेस्टेरॉलचा मोठा कारखाना, तो थकला की उत्पादनही घटते.

आता आमच्या भाषेत सांगतो. एखाद्या बँक खात्यात शिल्लक कमी आहे. एक माणूस म्हणेल, खातेदार साधा आहे, त्याची हाव नाही. पण पासबुक उघडून पाहिले तर कळते की, महिन्याला पगार जमा होतो आणि आठ दिवसांत औषधपाणी, घरभाडे, कर्जाचा हप्ता यांत निघून जातो. दोघांची शिल्लक सारखीच, पण एक शिल्लक समाधानाची आणि दुसरी ओढाताणीची. सिकलसेलच्या रुग्णाचे १०८ हे ओढाताणीचे १०८ आहे. हा आकडा बक्षीस नव्हे. शरीर किती राबते आहे, त्याची ती नोंद आहे.

वाढलेली ओळ काय सांगते?

सगळे कमी असताना ट्रायग्लिसराइड मात्र काही रुग्णांत वाढलेले दिसते. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, ज्या सिकलसेल रुग्णांचे ट्रायग्लिसराइड जास्त होते, त्यांच्यात पेशी फुटण्याचे प्रमाण आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढल्याची चिन्हेही जास्त होती. याचा अर्थ ट्रायग्लिसराइडमुळेच तो दाब वाढला, असा नव्हे. धूर दिसला म्हणजे धुराने आग लावली, असे आपण म्हणत नाही. पण धूर दिसल्यावर स्वयंपाकघरात डोकावून पाहतो. तसेच हे. सिकलसेलच्या रुग्णाचे ट्रायग्लिसराइड वाढलेले असेल आणि त्याला जिना चढताना धाप लागत असेल, तर तो रिपोर्ट घेऊन आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील.

मग नस कशाने बिघडते?

मावशींचा मूळ प्रश्न होता, हार्टचे भेव नाही ना? अर्धे उत्तर ‘नाही’ असे आहे. कोलेस्टेरॉल साचून हृदयाच्या नसा बंद होणे, जे आपण साहेब लोकांत आणि आता कामगारांतही पाहतो, ते सिकलसेलच्या रुग्णांत कमी आढळते. उरलेले अर्धे उत्तर महत्त्वाचे आहे. त्यांच्या रक्तवाहिन्यांना धोका चरबीचा नसून वाकड्या पेशींचा असतो. वाकड्या, चिकट पेशी बारीक नसांत अडकतात. फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेले हिमोग्लोबिन, नस सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू संपवून टाकते. नसा आखडतात, त्यांचे अस्तर खराब होते. त्यातून फुप्फुस, मूत्रपिंड, डोळे, मेंदू कोणालाही इजा होते. कोलेस्टेरॉल अगदी कमी असलेल्या लहान मुलालाही सिकलसेलमुळे लकवा मारू शकतो.

म्हणून छातीत दुखणे, धाप, १०१ अंशांच्या वर ताप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोलताना जीभ अडखळणे, लहान मुलाचे पोट एकाएकी फुगून चेहरा पांढरा पडणे, यांपैकी काहीही झाले तर ‘कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होते’ म्हणून घरी थांबू नका. तडक दवाखाना गाठा.

आणखी एक गैरसमज पित्ताच्या खड्यांचा. पित्ताशयात खडे झाले की लोक म्हणतात, तेलकट खाल्ले, कोलेस्टेरॉल वाढले. इतर लोकांत खडे पुष्कळदा कोलेस्टेरॉलचे असतात, हे खरे. पण सिकलसेल आणि थॅलेसेमियाच्या रुग्णांतले खडे मुख्यतः बिलिरुबिनचे असतात. पेशी फुटल्या की हाच पिवळा रंग तयार होतो, त्यानेच डोळे पिवळे दिसतात. म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या, काडीसारख्या बारीक मुलीच्या पोटातही खडे निघतात. त्या मुलीला “तूच चटरपटर खाल्लं असशील” म्हणून बोल लावू नका. तिने काही केलेले नाही. उजव्या कुशीत वर दुखत असेल, तर सोनोग्राफी करून घ्या.

वाहकांनी काय समजावे?

आपल्या वाचकांत रुग्णांपेक्षा वाहक कितीतरी जास्त असतील. त्यांच्यासाठी सूचना वेगळी आहे. सिकलसेलच्या वाहकाचे कोलेस्टेरॉल सर्वसाधारणपणे चारचौघांसारखेच असते. त्याच्या पेशी लवकर फुटत नाहीत, म्हणून बांधकामाचा खपही जास्त नाही. तेव्हा “माझ्यात सिकल आहे, मला कोलेस्टेरॉल होणार नाही” असे कोणी समजू नये. तंबाखू, खर्रा, बिडी, दारू, वाढलेले पोट, रक्तदाब आणि साखर हे त्याचे शत्रू इतरांइतकेच आहेत. चाळिशीनंतर त्याने चरबीची तपासणी करावी आणि जास्त निघाले, तर इतरांसारखाच उपचार घ्यावा.

बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांत मात्र एकूण कोलेस्टेरॉल आणि एल.डी.एल. थोडे कमी असते, असे इटलीसारख्या देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. पण थोडे कमी म्हणजे कवच नव्हे. त्यावर विसंबून बिडी ओढण्यात शहाणपण नाही.

जाता जाता हेही सांगतो. एक जोडीदार सिकलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरी मूल रुग्ण होऊ शकते. लग्नाआधी दोघांची एच.पी.एल.सी. किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही तपासणी करावी. शिबिरात होणारी साधी सोल्युबिलिटी चाचणी दोष आहे एवढेच सांगते. माणूस वाहक की रुग्ण, हे ती सांगत नाही, आणि थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही. पत्रिका जुळवण्याचे आपण सोडून दिले. हा कागद मात्र जुळवावा.

तूप चारावे का?

नातेवाइकांचा हेतू चांगला असतो. पण तुपाने ही शिल्लक भरत नाही. शरीरातले बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतः तयार करते, खाण्यातून येते ते थोडे. खप कमी झाल्याशिवाय, म्हणजे पेशी फुटण्याचे प्रमाण घटल्याशिवाय, आकडा सुधारणार नाही. वाटी-वाटी तूप पाजले तर पोट बिघडेल, वजन वाढेल आणि आधीच वाढलेले ट्रायग्लिसराइड आणखी वाढेल.

उलट बाजूची चूकही होते. रिपोर्टात ट्रायग्लिसराइड जास्त दिसले की, घरात सगळे बंद. तेल बंद, अंडे बंद. सिकलसेलच्या रुग्णाचे शरीर आरामातही इतरांपेक्षा जास्त शक्ती खर्च करते. त्याला उपाशी ठेवणे म्हणजे राबणाऱ्या माणसाची भाकर काढून घेणे. त्याला पोटभर, चौरस आणि वेळेवर जेवण हवे. तूरडाळ, मूग, चवळी, हरभरा, शेंगदाणे, अंडे, जमेल तेव्हा मासे किंवा चिकन, पालक-मेथी-चवळीची भाजी आणि एखादे ऋतूतले स्वस्त फळ. फोडणीला मोजके तेल, वरणावर चमचाभर तूप असले, तर बिघडत नाही. तळलेले, वनस्पती तुपातले, गोड चहाचे पाच-सहा कप आणि कोल्ड्रिंक मात्र कमी करावे. ट्रायग्लिसराइड साखरेनेही वाढते, हे पुष्कळांना माहीत नसते. दारू तर या दोन्ही बाजूंनी घातक आहे. ती ट्रायग्लिसराइड वाढवते आणि अंगातले पाणीही कमी करते.

आपल्याकडची जवसाची चटणी चांगली आहे. जवसात ओमेगा-३ जातीची चरबी असते. माशांच्या तेलातली ओमेगा-३ दिल्याने सिकलसेलच्या रुग्णांत दुखण्याचे झटके कमी झाले, असे सुदानमधल्या एका अभ्यासात दिसले. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. पण माशांच्या तेलातली ओमेगा-३ आणि जवसातली एक नव्हे. जवसातली शरीराला थोडीच वापरता येते. चटणी आवडीने खा, तिला औषध समजून औषध सोडू नका.

आणि लोहाच्या गोळ्या. हिमोग्लोबिन कमी म्हटले की, आपण लाल गोळी देतो. सिकलसेलच्या रुग्णाला ती स्वतःच्या मनाने देऊ नये. वारंवार रक्त चढलेल्यांच्या अंगात लोह आधीच साचलेले असते. रोज लागते ते फॉलिक अॅसिड. त्याची गोळी वेगळी मिळते.

तपासणीला जाताना

पहिले. चरबीच्या तपासणीसाठी नऊ ते बारा तास उपाशी यायला सांगतात. उपाशी म्हणजे अन्न नाही. साधे पाणी चालते. आपल्याकडे उपाशी म्हणजे निर्जळ, असा समज आहे. मावशींचा मुलगा रात्री आठपासून दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत पाण्याशिवाय होता. सिकलसेलच्या रुग्णाने असे कधीही करू नये. पाणी कमी पडले की पेशी वाकतात. रात्री तांब्या उशाशी ठेवा आणि सकाळी पाणी पिऊनच निघा.

दुसरे. ताप, दुखण्याचा झटका किंवा नुकतेच ऑपरेशन झाले असेल, तर चरबीची तपासणी पुढे ढकला. आजारपणात कोलेस्टेरॉल आणखी खाली जाते आणि ट्रायग्लिसराइड वर जाऊ शकते. तो आकडा खरा घरचा नसतो.

तिसरे. रक्त घेणाऱ्याला आणि डॉक्टरांना आपण एस.एस. आहोत की ए.एस., हे स्पष्ट सांगा. लपवू नका. कारखान्याच्या तपासणीत मुलाने ते सांगितलेच नव्हते. नोकरी जाईल, ही त्याची भीती. ती भीती मी समजू शकतो. पण निदान आपल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना तरी सांगितलेच पाहिजे.

चौथे, साखरेबद्दल. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एच.बी.ए.वन.सी. नावाची तपासणी असते. लाल पेशीवर किती साखर चिकटली, यावरून ती ठरते. ज्याची पेशी पंधरा दिवसच जगते, तिच्यावर तीन महिन्यांची साखर चिकटणार कशी? म्हणून सिकलसेलच्या रुग्णात हा आकडा खोटा कमी येतो आणि मधुमेह लपून राहू शकतो. अशा रुग्णाने उपाशीपोटी आणि जेवणानंतरच्या रक्तातल्या साखरेवर भर द्यावा. वाहकांतही काही यंत्रांवर हा आकडा चुकू शकतो, म्हणून त्यांनीही सांगून ठेवावे. कोलेस्टेरॉल असो की साखर, दोन्ही ठिकाणी कमी आकडा फसवतो. कारण एकच आहे, पेशीचे छोटे आयुष्य.

पाचवे. रिपोर्टाची फाइल करा. एका कागदावरून काही कळत नाही. हिमोग्लोबिन, बिलिरुबिन, यकृत, मूत्रपिंड आणि चरबी यांचे वर्षावर्षाचे आकडे एकाखाली एक लिहा. आपला नेहमीचा आकडा कोणता, हे कळले की, बिघाड लवकर लक्षात येतो.

सरकारी मदत घ्या

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा आणि चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, हे त्याचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट कागदावर राहू नये, यासाठी आपण रांगेत उभे राहिले पाहिजे. आपल्या विहारात मंडळाची बैठक होते, तेव्हा एखादा रविवार तपासणीसाठी मागून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचा समावेश आहे. नियमानुसार प्रमाणपत्र मिळते. त्यात कमीपणा नाही, तो हक्क आहे.

हायड्रॉक्सियुरिया हे औषध अनेक रुग्णांना उपयोगी पडते. ते गर्भातल्या प्रकारचे हिमोग्लोबिन वाढवते, त्यामुळे पेशी कमी वाकतात आणि झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या वेळी रक्त तपासत घ्यायचे असते. मूल व्हावे असा विचार असेल, तर नवरा असो की बायको, आधी डॉक्टरांना सांगायचे. आणि बरे वाटते म्हणून ते स्वतःच्या मनाने सोडायचे नाही. बरे वाटते ते त्या औषधामुळेच.

शेवटी

मावशींचा मुलगा आता पुन्हा कामावर जातो. कॅप्सूल सुरू आहे. पाण्याची बाटली डब्याबरोबर असते. रात्रपाळी बदलून मिळावी म्हणून दवाखान्याच्या कागदासह त्याने अर्ज दिला. तो अर्ज मीच लिहून दिला, आणि त्याला दिवसपाळी मिळाली.

परवा तो नवा रिपोर्ट घेऊन आला. एकूण कोलेस्टेरॉल ११६, ट्रायग्लिसराइड १५२. म्हणाला, “काकाजी, आता पेढे आणू का?”

मी त्याला बसवले. चष्मा लावला. आणि या वेळी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा कागद वाचला. मग म्हटले, “बाबू, मी कारकून आहे. हा कागद घेऊन सोमवारी मॅडमकडे जा. पेढे त्या काय म्हणतात ते ऐकून.”

सोमवारी तो गेला. मॅडम म्हणाल्या, ठीक चालले आहे, औषध चालू ठेव, तीन महिन्यांनी ये. संध्याकाळी मावशी पेढे घेऊन आल्या. मी एकच घेतला.